वाटी केवढी?

बारावीचे निकाल लागले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी ‘गूळ बरा की साखर’ विचारणारी मंडळी अचानक ‘डाएटिशियनच्या कोर्सला नेमकं शिकवतात काय’ असं विचारू लागतात. या खेपेला तशी बरीच पत्रं साठली, तेव्हा गूळवाल्यांनी एक महिना थांबावं. मी ३१ वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काढली, आता आठवड्यातून तीन दिवस शिकवते. उत्तरं त्या दोन्ही खुर्च्यांवरून दिली आहेत.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला गुण कमी पडले, आता न्यूट्रिशन घेते म्हणते. सासूबाईंचं म्हणणं, स्वयंपाक शिकायला तीन वर्षं आणि एवढी फी कशाला? खरंच, तिथं शिकवतात तरी काय? – एक आई, सिंहगड रस्ता

सासूबाईंना नमस्कार सांगा. माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं, फक्त फीच्या जागी ते एसटीचा पास म्हणाले होते.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला सांगते, उद्या येताना घरची वाटी आणा. रोज आमटीला लागते ती, पाहुण्यांची नको. मग प्रत्येकीनं आपली वाटी पाण्यानं काठोकाठ भरायची आणि ते पाणी मोजपात्रात ओतायचं. यंदा सगळ्यात लहान वाटी निघाली ९० मिलिलिटरची आणि सगळ्यात मोठी २३० ची. मोठी वाटी आणणारी मुलगी बारामतीकडची. तिच्या घरी तिला वाटीच म्हणतात, आमच्या पेठेत वाडगा म्हणाले असते. आता ‘दुपारी १ वाटी वरण’ असा तक्ता दोघींच्या हातात दिला, तर एकीच्या पोटात दुसरीच्या अडीचपट वरण जाणार. वरण घट्ट की पळीवाढं, हा वाद अजून बाकीच. काय खावं हे गल्लीत कुणीही सांगतं. किती खावं म्हटलं की वाटी दाखवतात. म्हणून आमची सुरुवात तिथून.

स्वयंपाक असतो, नाही कशाला म्हणू. पण शिऱ्यात गुठळ्या झाल्या तर त्या का झाल्या हे जर्नलमध्ये लिहावं लागतं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे सासूबाईंना ठाऊक असणार. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी सांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं. चिमूटभर सोडा टाकला की डाळ मऊ होते खरी, पण त्याच सोड्यानं तिच्यातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बरंचसं वाया जातं. इथून तास थेट जावा बेटावर जातो. १८९० च्या दशकात तिथं आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. १९२९ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. माणसांत थायमिनच्या अभावी होणारा तोच रोग, म्हणजे बेरीबेरी, तपासायला आपल्याकडे १९१८ मध्ये कुन्नूरला एक छोटं केंद्र निघालं. ते वाढत वाढत १९५८ मध्ये हैदराबादला गेलं, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिनं काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते हे आमचं पंचांग. २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि ऊर्जा दिली आहे किलोज्यूलमध्ये. त्यामुळे मुली आधी ४.१८४ नं भागतात आणि मग मला शिव्या देतात.

पहिल्या दोन वर्षांत शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र मानगुटीवर बसतात. नीट सुटली म्हणजे केमिस्ट्री सुटली, असं समजून आलेल्या मुली दिवाळीपर्यंत रडवेल्या होतात. पुढे गर्भारपणापासून म्हातारपणापर्यंतचा आहार, अंगणवाडीत बाळांच्या दंडाचा घेर मोजणं, संख्याशास्त्र, शे-दोनशे माणसांच्या स्वयंपाकघराचा हिशोब.

आणि मग आहारोपचार. तिथं मी दरवर्षी एकच प्रश्न टाकते. बारा-पंधरा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस दाखल झाला, त्याला काय द्याल? सगळा वर्ग त्याला जेवू घालायला धावतो. मराठी घरातल्या मुली, दुसरं काय करणार! पण इतक्या उपासमारीनंतर भात-साखर एकदम गेली की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं. म्हणून आधी थायमिन, मग थोडक्या कॅलरी, आणि रोज रक्ताचा रिपोर्ट बघून एकेक पायरी वर. हे उत्तर ऐकल्यावर वर्गात पहिल्यांदा शांतता होते.

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बारावी सायन्स लागतं. गृहविज्ञानाच्या काही पदव्यांना इतर शाखाही चालतात, ते त्या त्या कॉलेजात विचारा. आणि स्वयंपाक शिकायला म्हणून पाठवत असाल तर पाठवू नका, त्याला घरी सासूबाई आहेत.

प्रश्न : नात एम.एस्सी.ला आहे, शिकायला आमच्याकडे राहते. भाकरी तव्यावरून उतरली की काट्यावर ठेवते. आमच्यात जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजत नाहीत. परवा तर ह्यांच्या पोटाला टेप लावून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही दिसता बारीक, पण आतून जाड आहात.’ हे दोन दिवस तिच्याशी बोललेले नाहीत. असलं काही शिकवता का तुम्ही? – एक आजी, सदाशिव पेठ

हो आजी, शिकवते. माझी आईही मान वळवून वाढायची, कुणी किती खाल्लं ते दिसू नये म्हणून. तरी काटा घरात राहू द्या.

नातीला मात्र एक सांगा : भाजलेली भाकरी जोखून फार कळत नाही. तव्यावर पाणी किती उडालं त्यावर तिचं वजन मागेपुढे होतं. जोखायचं ते परातीतलं कोरडं पीठ. आमचा हिशोब कच्च्या शिध्यावर चालतो. ३० ग्रॅम धान्य म्हणजे साधारण १०० किलोकॅलरी, त्याला आम्ही एक एक्स्चेंज म्हणतो. तुमची भाकरी ६० ग्रॅम पिठाची असेल तर ती दोन एक्स्चेंजची, मग ज्वारीची असो की बाजरीची. एम.एस्सी.ला येऊन हे विसरली असेल तर व्हायवाला तिची धडगत नाही.

आता आजोबा. तिचं बोलणं चुकलं, शास्त्र बरोबर आहे. आणि हे शास्त्र तुमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर उभं राहिलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. एवढा फरक असेल तर आपली बाळं सगळीकडूनच लहान असणार असं वाटेल. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्रज बाळांच्या जवळपास टिकून होती. बारीक तरीही मेदाचं बाळ, असं त्याला नाव पडलं. पुढे मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा तिथं सापडतो.

याज्ञिकांचा एक फोटोही आहे, २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, शेजारी-शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. मी तो पडद्यावर लावते तेव्हा वर्ग आधी हसतो, मग आपापल्या वडिलांचं पोट आठवून गप्प होतो. म्हणून नुसत्या वजनावर न जाता आपल्याकडे कंबर मोजतात. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, त्यापुढे गेलं की साखर-रक्तदाब तपासायचा. आजोबांची माफी तिनं मागावी, टेप काढून घेऊ नका. आणि हो, तुमचीही कंबर मोजायला सांगा, म्हणजे घरात समता राहील.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. रुग्णाला ‘काल काय खाल्लंत’ विचारलं की सगळे चिमणीएवढं सांगतात. बेरीज ८०० कॅलरीच्या वर जात नाही आणि साखर बघावी तर ३००. सगळे खोटं बोलतात. एवढं शिकून उपयोग काय? – एक विद्यार्थिनी, हडपसर

खोटं बोलत नाहीत गं. तू जेवण विचारतेस, ते जेवण सांगतात.

मीही तुझ्याच जागी होते तेव्हाची गोष्ट. मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी दाखल होत्या, वजन ७४ किलो, साखर वाढलेली. मी कागद घेऊन उभी. ‘मावशी, काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ ‘काय खानार? सकाळी च्या, दुपारी भाकरी-भाजी, रात्री खिचडी.’ मी लिहिलं, बेरीज केली, आणि समासात बारीक अक्षरात ‘विश्वासार्ह नाही’ असा शेराही मारला. आमच्या सीनियर मॅडमनी तो वाचला, कागद माझ्या हातातून घेतला आणि स्टूल ओढून मावशींच्या पायाशी बसल्या.

‘माल कुठून आणता?’

‘मार्केट यार्डातनं. तीनला निघते घरातनं.’

‘थंडीत सुद्धा तीनला? पोटात काही टाकून निघता का तसंच?’

‘तसंच. यार्डात च्या असतो की. खारी बुडवायची दोन.’

‘आणि माल मंडईत उतरवल्यावर?’

‘मग काय, सगळ्याजणी पुन्ना च्या घेतो. गिऱ्हाईक यायच्या आधी.’

असं करत करत सकाळच्या नऊपर्यंत चार कप झाले. संध्याकाळपर्यंत सहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाची ६० ग्रॅम, म्हणजे २४० किलोकॅलरी नुसत्या साखरेच्या. मेथी निवडता निवडता शेजारच्या टोपलीतले शेंगदाणे तोंडात जात होते ते निराळेच. मूठभर, ३० ग्रॅम धर, १७० किलोकॅलरी. यातलं काहीही मावशींनी लपवलं नव्हतं. खाणं म्हणजे ताट घेऊन बसणं. चहा-खारी ही थंडीतली सोबत होती, तिला त्या खाणं का म्हणतील?

चोवीस तासांची आठवण घ्यायची ती दिवसाच्या कामाला धरून. उठल्यावर पहिलं तोंडात काय गेलं, तिथून सुरू कर. आधी सांगतील ते मध्ये न बोलता ऐक. मग सुटलेलं विचार : चहा, बिस्किट, लोणचं, मुलाच्या डब्यात उरलेलं, देवळातला प्रसाद. मग वेळा. मग मापं, आणि तेव्हा वाट्या-चमचे समोर ठेव. शेवटी सगळं त्यांनाच वाचून दाखव. वाचून दाखवताना हमखास एखादा वडापाव आठवतो. तेल कधी चमच्यात विचारू नकोस, ते कुणालाच माहीत नसतं. महिन्याला डबा किती किलोचा आणि जेवणारी माणसं किती, एवढं विचारून भागाकार कर.

आणि वार बघ! काल गुरुवार, चतुर्थी किंवा एकादशी असेल तर तू एका उपासाच्या दिवसाचा हिशोब करते आहेस. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात. खिचडीतली जी काही प्रथिनं, ती दाण्याच्या कुटाची. म्हणूनच आम्ही तीन दिवसांची नोंद मागतो, त्यात एक सुट्टीचा.

मावशींना मी आधी जो तक्ता करून दिला होता, त्यात ‘सकाळी ८.३० : १ कप दूध, १ वाटी पोहे’ असं होतं. साडेआठला त्यांच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग. तो तक्ता मॅडमनी माझ्यासमोर चार घड्या घालून खिशात टाकला. मग दोघींनी मिळून दुसरा केला : खारीच्या जागी रात्रीची भाकरी फडक्यात बांधून न्यायची, दुसऱ्या कपापासून साखर एक चमचा, शेंगदाणे राहू द्यायचे पण घरून डबीत मोजून न्यायचे. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा साखर थोडी उतरली होती, चहा मात्र पुन्हा गोड झाला होता. त्यांनी आपणहून सांगितलं ते. माझ्या कागदावर तेवढी एकच नोंद त्या वर्षी पूर्ण खरी होती.

प्रश्न : मी बी.कॉम., वय ३६. तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून घरून डाएट प्लॅन द्यायचा विचार आहे. ओळखीतल्या दोघी करतात. काय हरकत आहे? – वाचक, चिंचवड

मिठाची एक गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. रक्तदाबाचे एक निवृत्त गृहस्थ आले. मीठ कमी करा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मला दया आली. मी सुचवलं, बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापरा. केसपेपरवर लिहिलंसुद्धा. सीनियर मॅडमनी पेपर उलटला आणि मागच्या पानावरच्या क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ताच्या आकड्यावर, बोट ठेवलं. त्यांच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेलेल्या होत्या. त्या मिठात सोडियम काढून जागा भरलेली असते पोटॅशियम क्लोराइडनं, आणि थकलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. अशा रुग्णाला आम्ही बटाटासुद्धा चिरून, भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग शिजवायला सांगतो, आणि मी त्यांना डब्यातून पोटॅशियम घ्यायला सांगितलं होतं. मॅडम जिना उतरून धावल्या. गृहस्थ औषधाच्या रांगेत सापडले. मी तेवढा वेळ नर्सिंग स्टेशनच्या बाकावर बसून होते, पाय उचलत नव्हते.

माझ्याकडे तेव्हा एम.एस्सी. होती.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा आला, आहारतज्ज्ञ त्यात येतात. त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या विषयाच्या पदव्यांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. रुग्णालयात उभं राहायचं तर पदव्युत्तर शिक्षण, इंटर्नशिप आणि जमलं तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी.ची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची, परीक्षा, हा रस्ता. तीन महिन्यांचा कोर्स घरच्या स्वयंपाकापुरता जरूर करा, चांगलाच आहे.

मनापासून यायचं असेल तर पदवी नव्यानं करावी लागेल. माझ्या वर्गात ३८ वर्षांची एक विद्यार्थिनी होती. मुलगा दहावीत आणि ती एफ.वाय.ला, दोघं एकाच टेबलावर अभ्यास करायचे. शिवाय तुमचं बी.कॉम. वाया जायचं नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दर ताटामागचा खर्च काढायचा पेपर लागला की सायन्सच्या मुली घामाघूम होतात.

प्रश्न : मी मुलगा आहे, बारावी झालो. हा कोर्स घेतो म्हटल्यावर मित्र हसतात. आणि जिममधले सर म्हणतात रोज २०० ग्रॅम प्रोटीन घे. हे तिथं शिकवतात का? – वाचक, पिंपरी

हसू देत. गृहविज्ञानाच्या जमान्यात हा विषय मुलींचा समजला गेला, त्याची शेपटी अजून वळवळते आहे. वर्गात तुम्ही दोघं-तिघंच असाल, नावं सगळ्या बाईंच्या लक्षात राहतील, दांडी मारता येणार नाही, एवढाच तोटा.

प्रोटीनचं पहिल्या वर्षालाच शिकवतात. शरीरात नायट्रोजन किती आला आणि किती गेला, याच्या जमाखर्चातून तो आकडा निघतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम. तू मेहनतीनं वजनं उचलत असशील तर किलोमागे १.६ पर्यंत धर, तरी १०४ होतात. तुरीची डाळ कच्ची १०० ग्रॅम घेतली तर त्यात २२ ग्रॅम प्रोटीन असतं, पण एका वाटी वरणात डाळ पडते जेमतेम ३० ग्रॅम. म्हणजे वाटीला सहा-सात ग्रॅम. दूध, दही, अंडी, कडधान्यं मिळून बाकीचं जुळवता येतं.

२०० चा हिशोब मात्र मला करता येईना, कारण पत्रात तू तुझं वजनच लिहिलेलं नाहीस. कळव. घरची वाटी किती मिलिलिटरची आहे, तेही.